राइट अँड इम्प्रूव्ह : तोच मजकूर पुन्हा लिहायला लावणारी तपासणी

मुंबईच्या गिरणगावातल्या एका रात्रशाळेच्या इमारतीत नोकरदार प्रौढांसाठी इंग्रजीचा वर्ग चालतो आणि तिथे मी आठवड्यातून तीन संध्याकाळी शिकवते. माझ्या वर्गात येणारी माणसे इंग्रजीत कोरी नसतात. त्यांना इंग्रजी बातमी वाचून समजते, वरिष्ठांचे बोलणे कळते, व्हॉट्सॲपवर आलेल्या निरोपाचा अर्थ लागतो. त्यांचे अडते ते आठ-दहा ओळी स्वतः लिहायची वेळ आली की. लिफ्टच्या देखभालीचे कंत्राट घेतलेल्या कंपनीला तक्रार करायची असते, बँकेकडे नॉमिनी बदलण्याची विनंती करायची असते, मुलीच्या वर्गशिक्षिकेला सहलीच्या पैशांबद्दल विचारायचे असते किंवा साहेबांना रजेचे कारण कळवायचे असते. ‘काउन्सिल ऑफ युरोप’ या संघटनेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषापातळ्यांच्या आराखड्यात ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. ओळखीच्या विषयावर साधा पण सलग, एकमेकांशी जोडलेला मजकूर लिहिता येणे ही त्यांतल्या तिसऱ्या पायरीची, म्हणजे बी१ची, लेखनातली खूण मानली जाते. माझे बहुतेक विद्यार्थी या पायरीच्या उंबरठ्यावर उभे असतात आणि पुष्कळदा तिथेच वर्षानुवर्षे उभे राहतात.

अशा विद्यार्थ्यांसाठी गेले वर्षभर मी, जगभर इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजचे ‘राइट अँड इम्प्रूव्ह’ हे मोफत संकेतस्थळ वर्गात नियमितपणे वापरले आणि त्याविषयीचे माझे मत इथे सविस्तर नोंदवीत आहे. मध्यम पातळीवरच्या माणसाने रोजचे इंग्रजी लेखन सुधारण्यासाठी एकच साधन निवडायचे ठरवले, तर मी त्याला हेच सुचवीन. चूक साधारण कुठे आहे ते हे संकेतस्थळ दाखवते आणि दुरुस्तीचा मोठा भाग लिहिणाऱ्यावरच सोपवते, हा त्याचा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

त्याची रीत सोपी आहे. आपल्या पातळीचा वहीसंच (वर्कबुक), म्हणजे लेखनाच्या विषयांचा संच, उघडावा, त्यातला एखादा विषय निवडावा, दिलेल्या चौकटीत मजकूर लिहावा आणि तपासणीचे बटण दाबावे. काही सेकंदांत उत्तर येते. मजकूर आराखड्यातल्या कोणत्या पातळीचा वाटतो ते कळते, ज्या वाक्यांवर अधिक काम करायला हवे ती रंगाने वेगळी दिसतात आणि काही शब्दांपाशी खुणा असतात. स्पेलिंगसारख्या शब्दापुरत्या चुकांसाठी ते पर्यायही सुचवते; मात्र एखादे अख्खे वाक्य रंगले असेल, तर त्यात नेमके काय बिघडले आहे हे आपण शोधायचे, दुरुस्त करायचे आणि पुन्हा तपासणीला द्यायचे असते. खाते उघडून लिहिले की मजकूर जतन होतो आणि प्रत्येक खेपेला पातळी वर सरकली की नाही हे आलेखावर दिसते.

यंत्र हा निवाडा कशाच्या आधारे करते, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी समजावून सांगावे लागते, नाहीतर काही जण त्याला देववाणी मानतात आणि काही जण थोतांड. केंब्रिजकडे जगभरातल्या परीक्षार्थींच्या उत्तरपत्रिकांचा फार मोठा संग्रह आहे आणि त्यातल्या पुष्कळ उत्तरांमधल्या चुका माणसांनी वाचून, प्रकारवार खुणा करून नोंदवलेल्या आहेत. या तपासणीमागची यंत्रणा अशा लेखनावर तयार झालेली आहे. त्यामुळे ती दाखवते त्या पातळीचा अर्थ, असे लेखन परीक्षकांपुढे गेले असते तर त्याला साधारण कोणती पायरी मिळाली असती याचा अंदाज, एवढाच घ्यावा. तो परीक्षेचा निकाल नव्हे आणि नोकरीच्या अर्जाला जोडण्याचा दाखलाही नव्हे.

आता एका मजकुराची हकिकत सांगते. वर्गातले एक गृहस्थ एका गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात काम करतात. लिफ्ट चार दिवस बंद होती आणि कंपनीला ईमेल पाठवायचा होता. त्यांनी पहिल्या खेपेला लिहिले, ‘लिफ्ट इज नॉट वर्किंग सिन्स फोर डेज.’ त्याच्या पुढचे वाक्य होते, ‘वुई टोल्ड टू युअर मेकॅनिक बट ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो.’ तपासणीनंतर दोन्ही वाक्ये रंगून आली. वर्गाचा नियम असा आहे की मजकूर दुसऱ्यांदा लिहून होईपर्यंत मी तोंड उघडायचे नाही. ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले, मग वाक्य मोठ्याने वाचले आणि म्हणाले, “मॅडम, इथे तर उद्या मीच येणार असं झालंय. मेकॅनिक कुठे गेला?”

ही चूक त्यांच्या निष्काळजीपणातून आलेली नव्हती. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे आणि त्यातला ‘मी’ म्हणजे मेकॅनिक हे सांगावे लागत नाही, कारण मराठी बोलणाऱ्याचे शब्द त्याच्याच तोंडचे ठेवते. इंग्रजीत ‘दॅट’ आले की बोलणाऱ्याचा ‘आय’ बदलून ‘ही’ करावा लागतो आणि क्रियापदही एक पाऊल मागे घ्यावे लागते. पहिल्या वाक्याचेही तसेच आहे. ‘चार दिवसांपासून’ या शब्दांतला ‘पासून’ आपल्याकडे सोमवारलाही लागतो आणि चार दिवसांनाही लागतो. इंग्रजीत सोमवारसाठी ‘सिन्स’ आणि चार दिवसांसाठी ‘फॉर’ असे दोन वेगळे शब्द आहेत. शिवाय ‘लिफ्ट चार दिवसांपासून चालत नाही’ या साध्या वर्तमानकाळाच्या जागी इंग्रजीला ‘हॅजन्ट बीन वर्किंग’ असा काळ हवा असतो. मी हे फळ्यावर दहा वेळा सांगितले असते, तरी ते त्यांच्या हातात उतरले नसते. स्वतःच्या ईमेलमध्ये मेकॅनिक हरवला तेव्हा मात्र ते कायमचे उतरले. चौथ्या खेपेला मजकूर स्वच्छ झाला आणि तोच दुसऱ्या दिवशी संस्थेच्या नावाने कंपनीला गेला.

या अनुभवानंतर मी प्रत्येकाला एक साधी दोनशे पानी वही करायला लावली. डाव्या पानावर रंगून आलेले इंग्रजी वाक्य आणि त्याखाली दुरुस्त केलेले वाक्य लिहायचे. उजव्या पानावर ते चुकीचे वाक्य ज्या मराठी वाक्यातून आले असेल, ते मराठी वाक्य लिहायचे. संकेतस्थळाच्या सूचना इंग्रजीत असतात आणि आपल्या चुकीचे मूळ मराठीत कुठे आहे हे सांगणे त्याचे कामही नाही. ते काम ही वही करते. दोन महिन्यांत पाने भरली की आपल्या चुका अगणित नाहीत, सात-आठच चुका पुन्हापुन्हा होत आहेत, हे विद्यार्थ्याला स्वतःच दिसू लागते, आणि हे दिसणे फार धीर देणारे असते.

वह्यांमध्ये सर्वाधिक जागा ‘अ’ आणि ‘द’ यांनी अडवलेली आहे. मराठीत उपपदे नाहीत. ‘बँकेत गेलो’ म्हटले की कोणती बँक ते संदर्भाने कळते आणि फार तर ‘एक माणूस आला होता’ म्हणताना ‘एक’ हा शब्द ‘अ’चे थोडे काम करून जातो. त्यामुळे ‘आय वेन्ट टू बँक’ हे आपल्या कानाला पूर्ण वाक्य वाटते. त्याखालोखाल नको तिथे आलेली शब्दयोगी अव्यये आहेत : आपण विषयावर किंवा विषयाबद्दल चर्चा करतो म्हणून ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ येते, आणि आपण माणसाला सांगतो म्हणून ‘टोल्ड’च्या पुढे ‘टू’ येते. उलट ‘लिसन’च्या पुढे ‘टू’ हवे असते ते गळते, कारण आपण गाणे नुसतेच ऐकतो. देवनागरीत मोठ्या आणि छोट्या लिपीचा भेद नाही, म्हणून महिन्यांची आणि वारांची नावे छोट्या अक्षराने सुरू होतात आणि ‘आय’सुद्धा छोटाच राहतो. एका परिचारिकेच्या वहीत ‘सर हॅव कम’ हे वाक्य होते आणि उजव्या पानावर तिने लिहिले होते, ‘सर आले आहेत’. आदरार्थी अनेकवचन तिने इमानाने इंग्रजीत नेले होते. ती चूक पाहून मला तिचे कौतुकच वाटले, कारण तिला व्याकरण कळत नसते तर ती चूक अशी झालीच नसती.

या साधनाचे मोल मला इतके का वाटते, हे आपल्या शाळेकडे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून सुरू झाले. त्याआधी मराठी माध्यमात ते पाचवीपासून येत असे, आणि माझ्या वर्गातली चाळिशीतली मंडळी त्या जुन्या पद्धतीतली आहेत. परंतु पाचवीपासून असो की पहिलीपासून, लेखन शिकवण्याची आपली रीत फारशी बदललेली नाही. निबंध आणि पत्रे पाठ केली जातात, परीक्षेत उतरवली जातात, लाल शाईच्या खुणा होऊन वही परत येते, फार तर चुकलेले शब्द तीन-तीन वेळा लिहून द्यावे लागतात, आणि मग पुढचा निबंध सुरू होतो. तोच मजकूर पुन्हा हाती घेऊन अधिक चांगला करायचा असतो, ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवतच नाही. पहिल्या फटक्यात जे उतरले ते आपले इंग्रजी, आणि ते वाईट आहे म्हणजे आपणच कमी आहोत, अशी समजूत घेऊन माणसे माझ्या वर्गात येतात. पन्नास वह्या घरी नेऊन तपासणाऱ्या शिक्षकालाही मी दोष देत नाही. एकाच मजकुराचे चार खर्डे तो प्रत्येकासाठी वाचू शकत नाही. यंत्र मात्र चौथा खर्डाही पहिल्याइतक्याच तत्परतेने वाचते, आणि रात्री अकरा वाजता, कुणासमोर लाज वाटू न देता वाचते. आपले कच्चे इंग्रजी दुसऱ्या माणसाच्या नजरेस पडणार नाही, या एका खात्रीमुळे माझ्या वर्गातल्या तीन जणींनी वर्षभरात शाळेच्या दिवसांपेक्षा अधिक लिहिले.

मर्यादा सांगायलाच हव्यात, आणि त्या अशा साधनाच्या स्वभावातच असतात. केंब्रिजच्या बी१ प्रिलिमिनरी परीक्षेत लेखनाला ४५ मिनिटे असतात. त्यात सुमारे १०० शब्दांचा एक ईमेल आणि तेवढ्याच लांबीचा एक लेख किंवा एक गोष्ट लिहायची असते. परीक्षक चार निकषांवर गुण देतात : विचारलेले सर्व सांगितले का, वाचणाऱ्याला साजेशा सुरात सांगितले का, मांडणी नीट आहे का आणि भाषा कशी आहे. माझ्या मते ‘राइट अँड इम्प्रूव्ह’चा खरा उपयोग चौथ्या निकषासाठी आहे. तक्रारीत लिफ्ट कोणत्या इमारतीची हे लिहायचे राहिले, किंवा बारा तारखेऐवजी दहा पडली, तर भाषेवरून ते ओळखता येणार नाही. ते पाहायला ती इमारत माहीत असलेला माणूसच हवा.

सुराचे आणि मांडणीचे काम तर याहून नाजूक आहे. आपल्या मराठी अर्जाची घडण वेगळी असते. आधी परिस्थिती, मग अडचण, मग ‘सबब’ किंवा ‘तरी’ असा शब्द, आणि अगदी शेवटी ‘मंजुरी मिळावी ही नम्र विनंती’. इंग्रजी ईमेल वाचणारा माणूस पहिल्या दोन ओळींतच विनंती शोधतो. याच घडणीचे इंग्रजी लिहिले, तर प्रत्येक वाक्य शुद्ध असूनही नेमके काय हवे आहे ते शेवटच्या ओळीपर्यंत कळत नाही. सौजन्याचेही तसेच आहे. मराठीत आदर क्रियापदाच्या टोकाला असतो. ‘पाठव’, ‘पाठवा’, ‘पाठवाल का’, ‘पाठवावे’ एवढ्या पायऱ्या आपण विचार न करता चढतो-उतरतो. आजच्या इंग्रजीत ‘यू’ एकच उरलेला आहे आणि आज्ञेचे रूपही एकच, म्हणून तिथे सगळे सौजन्य ‘कुड यू’, ‘वुड इट बी पॉसिबल’ अशा रचनांवर पेलावे लागते. ‘पाठवावे’ लिहिताना मनात असलेला आदर ‘प्लीज सेंड’मध्ये पुरेसा पोहोचत नाही आणि वाचणाऱ्याला तो हुकूम वाटू शकतो. म्हणून आमच्या वर्गात यंत्राची तपासणी झाल्यावर प्रत्येक मजकूर शेजारच्या विद्यार्थ्याला वाचायला दिला जातो. त्याने फक्त दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात : हा माणूस माझ्याकडे काय मागतो आहे, आणि तो कसा बोलतो आहे.

पातळीच्या खुणेचा मोह ही आणखी एक काळजीची बाब आहे. वरची पायरी दिसावी म्हणून काही जण शब्दकोशातून भारदस्त शब्द आणून मजकुरात घालतात. मग रजेच्या अर्जात असे शब्द येतात जे लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी उच्चारलेले नसतात. काही जण उलट दिशेने जातात आणि चूक नको म्हणून तीन-तीन शब्दांची वाक्ये करतात. दोन्ही रोगांवर मी एकच पथ्य सांगते. एका मजकुराच्या चारच खेपा करायच्या, आणि पहिल्या दोन खेपांत पातळीकडे न पाहता फक्त रंगलेली वाक्ये पाहायची. चार ओळी लिहून पातळीची अपेक्षा करू नये. निदान ऐंशी-शंभर शब्द लिहावेत.

मोबाइलवर लिहिणाऱ्यांनी कीबोर्डमधली आपोआप दुरुस्तीची आणि शब्द सुचवण्याची सोय आधी बंद करावी. ती चालू असेल, तर तपासणी फोनच्या स्पेलिंगची होते आणि आपली चूक आपल्याला कधीच दिसत नाही. आमच्याकडे संगणक तीनच आहेत, त्यामुळे बहुतेकांचे लेखन फोनवरच होते, आणि ही खबरदारी घ्यायला लागल्यापासून काही जणांच्या मजकुरावर आधीपेक्षा कितीतरी अधिक खुणा दिसू लागल्या. त्या खुणा पाहून त्यांना वाईट वाटले, परंतु त्याच त्यांच्या खऱ्या खुणा होत्या.

सगळा ईमेलच लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता प्रत्येकाच्या खिशात आहेत, मग एवढे कष्ट कशाला, असा प्रश्न दर नव्या तुकडीत येतो. त्यावर मी वाद घालत नाही. वर्गातच घडलेली एक गोष्ट सांगते. एका तरुणाने रजेचा अर्ज अशा साधनाकडून लिहून घेतला. इंग्रजी सुरेख होते. वरिष्ठांनी त्याला बोलावून, अर्जात ‘इनडिस्पोज्ड’ लिहिले आहेस, म्हणजे नेमके काय झाले होते, असे आपुलकीने विचारले, आणि त्याला तो शब्दच माहीत नव्हता. ताप आला होता, एवढे साधे उत्तर त्याच्या तोंडून निघेना. दुसऱ्याच संध्याकाळी त्याने तो अर्ज स्वतःच्या शब्दांत लिहायला घेतला. ज्याला तातडीने एखादे पत्र पाठवून मोकळे व्हायचे आहे, त्याने अशी साधने जरूर वापरावीत. ज्याला लिहायला शिकायचे आहे, त्याने आधी स्वतःचा खर्डा करावा, कारण वाक्य जुळवताना होणारी ओढाताण हाच शिकण्याचा भाग आहे आणि तो दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

ब्रिटिश कौन्सिलच्या ‘लर्नइंग्लिश’ या संकेतस्थळाची इथे आठवण करून दिली पाहिजे, कारण ही दोन साधने एकमेकांना पूरक आहेत. तिथे लेखनाचे धडे पातळीनुसार लावलेले आहेत. धड्यात नमुन्याचा मजकूर, शब्दांची तयारी, लिहिण्याच्या सूचना आणि सराव असतो. नमुना पाहायचा असेल, तर मी विद्यार्थ्यांना तिकडे पाठवते, आणि नमुना मिटवून स्वतःचे लिहायचे असेल, तेव्हा ‘राइट अँड इम्प्रूव्ह’कडे. नमुना समोर ठेवून लिहिणे हे पुन्हा पाठांतराकडे नेते, म्हणून दोहोंच्या मध्ये किमान एक रात्र जाऊ द्यावी, असा आमचा नियम आहे.

अगदी नवख्या माणसाने, म्हणजे ज्याला पाच साधी वाक्येही जुळवता येत नाहीत त्याने, या साधनापासून सुरुवात करावी असे मला वाटत नाही; रंगांनी भरलेला पडदा त्याला घाबरवील, आणि त्याला शेजारी बसून बोलणारा माणूस हवा. मध्यम पातळीवर रेंगाळलेल्या, वाचता येते पण लिहिता येत नाही अशा प्रत्येकाला मात्र मी ते निःशंकपणे सुचवते. शिक्षकांसाठी त्यात आणखी एक सोय आहे. आपले विषय घालून स्वतःचा वहीसंच करता येतो आणि विद्यार्थ्यांना त्यात बोलावता येते. या सत्रासाठी आम्ही असा एक संच तयार केला आहे. त्याचे विषय विद्यार्थ्यांनीच दिले आहेत : पाण्याच्या टँकरचे बिल दोनदा आले आहे, गणपतीला गावी जाण्यासाठी पाच दिवसांची रजा हवी आहे, आईच्या तपासणीचा अहवाल ईमेलने मागवायचा आहे, भाड्याच्या खोलीची अनामत परत मिळालेली नाही, आणि दुबईत नोकरीला गेलेल्या मित्राच्या मराठी न समजणाऱ्या सहकाऱ्याला पुरणपोळी कशी करतात ते कळवायचे आहे. शेवटचा विषय सुचवणाऱ्या बाईंचा तिसरा खर्डा सध्या चालू आहे आणि पुरण शिजले की वाटायचे, हे वाक्य अजून रंगलेलेच येते आहे.